रात्रीच्या स्लॅबला मुलगी का नसते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक फोटो आला होता, मुलगी, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात ड्रॉइंगची गुंडाळी, नजर कुठेतरी वर आणि मागे टॉवर क्रेन. सोबत लेख, बांधकामातही बायकांची भरारी वगैरे. फोटो छान होता, खोटं कशाला बोलू, मी माझ्या लेकीला पण दाखवला. पण साईटवर इतकी वर्षं काढली की नजर भलतीकडेच जाते, हेल्मेटवर एक ओरखडा नाही, हनुवटीचा पट्टा नुसताच लोंबतोय, पायात स्पोर्ट शूज. हा फोटो दुपारी सेल्स ऑफिसच्या शेजारी काढलाय हे मला बघताक्षणी कळलं. ते चालतं, तुमच्या फोटोग्राफरची चूक नाही त्यात, आम्हीच बाहेरच्या माणसाला तिथपर्यंतच येऊ देतो. पण अख्ख्या लेखात एक प्रश्न कुठेच नव्हता आणि तो विचारायलाच हे पत्र लिहितेय, रात्री २ वाजता स्लॅबचं काँक्रीट ओतणं चालू असताना ही मुलगी कुठे असते?

आधी माझं सांगते. कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केला, २००६ ला पुण्यात नोकरीला लागले, पुढे नोकरी करत करत डिग्री. आज एका मध्यम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, तीन टॉवरचं काम, हाताखाली १४ इंजिनियर. त्यात मुली ३. आणि त्या तिघींपैकी दोघी कुठे तर एक बिलिंगला, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरची बिलं तपासायला, एक प्लॅनिंगला. म्हणजे प्रत्यक्ष एक्झिक्युशनला, सळई, शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) नि काँक्रीटला, एकच. हे मी दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाहीये, माझ्याच साईटचा हिशोब आहे.

२००६ ला मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा आमच्या त्यावेळच्या सिनियरनी मला आपादमस्तक बघितलं आणि सिमेंटचं स्टोअर रजिस्टर हातात दिलं. गोणी आली किती, गेली किती. दोन महिने मी तेच लिहीत होते. नंतर क्यूबचं रजिस्टर, म्हणजे काँक्रीट टाकताना १५० एमएमचे ठोकळे भरून ठेवायचे, ७ दिवसांनी नि २८ दिवसांनी फोडून बघायचे, त्याच्या तारखा सांभाळायच्या. महत्त्वाचं काम आहे, नाही म्हणत नाही, पण माझ्याबरोबर लागलेला मुलगा तोपर्यंत पायाच्या फुटिंगपासून दुसऱ्या स्लॅबपर्यंत पोचला होता नि मी टेबलावर. मला खरं काम शिकवलं ते आमच्या मुकादमांनी, सोलापूरकडचे होते, मी त्यांना मामा म्हणायचे. ते म्हणायचे, मॅडम कागद ऑफिसात वाचा, इथं आल्यावर ओळंबा वाचा, म्हणजे सरळ उभं आहे का बघायचं दोरीला बांधलेलं वजन. कॉलमच्या शटरिंगला ओळंबा कसा बघायचा, वर किती अंतर, खाली किती अंतर, टेकू नुसता उभा दिसतोय का खरंच वजन घेतोय हे हाताने ठोकून आवाजावरून कसं ओळखायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मामांना सही करता येत नव्हती आणि माझ्या करिअरमधला सगळ्यात चांगला मास्तर तो माणूस.

लोकांना वाटतं मुली साईट सोडतात कारण ऊन, धूळ, लेबरची शिवीगाळ. अहो लेबरचा त्रास मला फार कमी झाला, खरंच सांगते. लेबरला एवढंच कळतं की ह्या माणसाला काम कळतं का नाही. एकदा बीम-कॉलमच्या जोडात रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बांधून ठेवणारी कडी, विरळ लावल्या होत्या, ड्रॉइंगमध्ये १०० एमएमवर आणि जागेवर कुठे १५०, कुठे २००, काँक्रीटच्या गाड्या गेटवर उभ्या, मी पोअर कार्डवर सही केली नाही. पोअर कार्ड म्हणजे काँक्रीट चालू करायच्या आधीचा परवाना, त्यावर इंजिनियरची सही लागते. कॉन्ट्रॅक्टरनी मला एक शब्द बोलला नाही, बाजूला जाऊन थेट आमच्या साहेबांना फोन लावला, तुमच्या मॅडमला जरा समजवा. साहेबांचा फोन मला आला, मी टेप लावून फोटो काढून पाठवले, बाकी काही बोलले नाही. दीड तास गाड्या थांबल्या, फिटरनी रिंगा पूर्ण केल्या, मग स्लॅब चालू. त्या फिटरनीच दुसऱ्या दिवशी चहा पाठवला. बंगालकडचा होता, त्याला बरोबर माहीत होतं की मी बरोबर आहे. त्रास होतो तो फोनचा. "समजवा" ह्या शब्दाचा. पुरुष इंजिनियर अडला की कॉन्ट्रॅक्टर त्याच्याशी भांडतो, बाई अडली की तिच्या वरच्याला फोन करतो.

आता संडासाबद्दल लिहिते, पेपरात कसं लिहायचं म्हणून कोणी लिहीत नाही. पहिली ४ वर्षं मी ज्या साईटवर होते तिथे बायकांसाठी संडास नव्हता. म्हणजे कागदावर होता. साहेब म्हणाले सँपल फ्लॅटमधला वापरा की, आपलाच आहे. सँपल फ्लॅटची किल्ली सेल्सवाल्यांकडे, ते ६ ला घरी जाणार, रविवारी कस्टमर असले की आत जायचं नाही कारण माझ्या बुटांना सिमेंट. मग मी सकाळी घरून निघताना पाणीच पीत नव्हते. पुढे अर्धा किलोमीटरवर पेट्रोल पंप होता, तिथल्या मुलांना माझा चेहरा पाठ झाला होता. दोन वेळा इन्फेक्शन झालं, दुसऱ्या वेळी ताप चढून ४ दिवस अॅडमिट. डॉक्टर म्हणाले पाणी प्या भरपूर. मी त्यांना काय सांगणार.

आणि मी इंजिनियर होते, माझ्याकडे स्कूटी होती पेट्रोल पंपाला जायला. घमेलं उचलणाऱ्या बायांचं काय? १५व्या मजल्यावर काम करणाऱ्या बाईने खाली यायचं कसं, हॉइस्ट म्हणजे मालाची लिफ्ट, ती विटा-वाळूला, जिन्याने खाली उतरून परत वर चढेपर्यंत मुकादम अर्ध्या तासाची बोंब मारणार. त्या काय करतात ते मी लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. आपण म्हणतो बांधकामात बायका आता येतायत. आत्ता कुठे येतायत? बायका साईटवर पहिल्यापासून आहेत हो, विटा वाहतायत, पाणी मारतायत, डोक्यावर घमेलं नि कडेला पोर. फक्त त्या गवंडी झाल्या नाहीत, फिटर झाल्या नाहीत, मुकादम झाल्या नाहीत. नवरा-बायकोला जोडी म्हणून घेतात नि पगाराचं पाकीट नवऱ्याच्या हातात, तिची हजेरी कित्येकदा वेगळी लागतच नाही. समान कामाला समान पगार हा कायदा १९७६ लाच झाला. बांधकाम कामगारांचा कायदा झाला १९९६ ला, त्यात संडास-मुताऱ्या होत्या, ५० च्या वर बायका कामाला असतील तर पाळणाघर होतं, सगळं होतं. कायदे लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवलं, आम्ही साईटवाल्यांनी फाईलला लावून ठेवलं.

हे मी मध्येच का घुसडलं तर बायांच्या संडासाचा प्रश्न आणि मुलगी इंजिनियर टिकायचा प्रश्न दोन वेगळे नाहीत. ज्या साईटवर बायांसाठी दर पाच-सहा मजल्यांवर आतून कडी लागणारं एक फायबरचं टॉयलेट असतं तिथे इंजिनियर मुलगीपण टिकते. माझ्या आत्ताच्या साईटवर मी ते लावून घेतलंय. एकाचा खर्च अठरा-वीस हजार. आमच्या एका स्लॅबला नुसतं काँक्रीट सात-साडेसात लाखाचं लागतं, म्हणजे एका स्लॅबच्या पैशात अशी चाळीसेक येतील. तरी मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये मला ते तीनदा मांडावं लागलं. तिसऱ्यांदा मी म्हणलं की बाई खाली जाऊन वर येईपर्यंत २५ मिनिटं जातात, दिवसाला दोनदा, गुणिले ४० बाया. तेव्हा लगेच मंजूर. माणुसकीने नाही झालं, त्रैराशिकाने झालं.

आता स्लॅबच्या रात्रीवर येते कारण सगळी मेख तिथे आहे.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या टॉवरचा एक स्लॅब म्हणजे आमच्याकडे १४० घनमीटरच्या आसपास काँक्रीट. एका ट्रान्झिट मिक्सरमध्ये, म्हणजे काँक्रीट फिरवत आणणाऱ्या गाडीत, ६ घनमीटर, म्हणजे २३-२४ गाड्या. शहरात सकाळ-संध्याकाळ बऱ्याच रस्त्यांवर जड गाड्यांना बंदी, दिवसा ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की आतलं काँक्रीट घट्ट व्हायला लागतं, उन्हाळ्यात तर विचारू नका. म्हणून दुपारी चालू केलेला स्लॅब रात्री २-३ पर्यंत जातो. (शेजारच्या सोसायटीवाले पोलिसांना फोन करतात, आणि ते बरोबरच करतात, पण तो विषय वेगळा.) मध्येच काँक्रीट वर चढवणारा पंप बंद पडतो, पाईप चोक होतो, प्लांटवरून फोन येतो की गाडी निघाली नाही. दोन गाड्यांमध्ये दीड-दोन तास गेले की जुन्या नि नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो, आणि तुमच्या बेडरूमच्या छतातून चौथ्या पावसाळ्यात जे पाणी ठिबकतं ना ते कित्येकदा त्या एका रात्रीचं असतं. तेव्हा जागेवर उभ्या असलेल्या इंजिनियरने ठरवायचं असतं, कुठे थांबवायचं, कुठला भाग आधी उरकायचा, काँक्रीट हलवून दाबून बसवणारा व्हायब्रेटर कुठे कमी पडतोय, खाली टेकूंकडे कोणी बघतंय का, पाऊस आला तर ताडपत्री आहे का. हे ऑफिसात बसून शिकता येत नाही. पाच-सहा अशा रात्री काढल्या की इंजिनियर तयार होतो, त्याच्या आधी तो नुसता पदवीधर असतो.

आणि मुलींना काय होतं तर साडेआठ-नऊ वाजले की कोणीतरी चांगला माणूस म्हणतो, ताई तू निघ आता, आम्ही बघतो. वाईट माणूस नाही म्हणत, चांगलाच माणूस म्हणतो. तिचे घरचे काळजीत, हा स्वतः बापाच्या वयाचा, ती पण थकलेली, ती निघते. असं २ वर्षं, ३ वर्षं. मग एक दिवस तिला म्हणतात बिलिंगला जागा आहे, एसी ऑफिस, ६ ला सुटी, तुझ्या दृष्टीने बरं. ती खूष, घरचे त्याहून खूष, आता स्थळं बघायला हरकत नाही. आणि दहा वर्षांनी प्रोजेक्ट मॅनेजरच्या इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न येतो, किती स्लॅब टाकलेत? किती टॉवर हँडओव्हर केलेत? तिने कोटींची बिलं तपासलेली असतात, कुठल्या कॉन्ट्रॅक्टरने कुठे मापं फुगवली ते तिला तोंडपाठ असतं, पण ह्या प्रश्नाला उत्तर नसतं. तिला कोणी काढलं नाही, कोणी अपमान केला नाही, कोणी अडवलं नाही. फक्त रोज रात्री नऊला घरी सोडलं.

माझं पण तेच होणार होतं. पोटुशी असताना चौथ्या महिन्यात मला बिलिंगला बसवलं, ते योग्यच होतं, मीच जिने चढू शकत नव्हते. पण बाळंतपणाची सुटी संपवून आले तरी मी बिलिंगलाच. एक वर्ष, दीड वर्ष. विचारलं की म्हणायचे अहो लेकरू लहान आहे, कशाला दगदग. लेकरू माझं, दगदग माझी, आणि निर्णय साहेबांचा. शेवटी मी ती नोकरी सोडून एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे गेले, पगार महिन्याला ६ हजार कमी, एका अटीवर की साईट द्यायची. सासूबाईंनी लेक सांभाळली, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्याकडे सुनेच्या नोकरीला सासू आडवी येते असंच सगळे धरून चालतात. त्या साताऱ्याजवळच्या खेड्यातल्या, स्वतः रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या. त्या म्हणाल्या, मी उन्हात फोडली, तू सावलीत मोजत बसू नको, जा.

ज्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असायचं त्या दिवशी लेक माझ्याबरोबर साईटवर, लेबरच्या पोरांच्या पाळणाघरात. पुण्यात तारा मोबाईल क्रेशेससारख्या संस्था साईटवर अशी पाळणाघरं चालवतात, मुळात ही कल्पना १९६९ ला दिल्लीत मीरा महादेवन यांनी एका बांधकामाच्या जागेवर सुरू केली, तिथे बायांची पोरं वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी पडलेली बघून. माझी लेक तिथे गुलबर्ग्याकडच्या पोरांबरोबर बसून खिचडी खायची, कानडीत आकडे म्हणायला शिकली होती. आज ती नववीत आहे, आकडे विसरली, खिचडी आठवते म्हणते.

तुमच्या लेखात सुरुवात अहिल्यादेवींपासून होती, त्यांनी घाट बांधले, बारवा बांधल्या. होय, बांधल्या, मानाचा मुजरा. पण प्रत्येक भाषणात अहिल्यादेवींनंतर एकदम आजची मुलगीच का येते, मधलं कोणीच कसं नाही? शकुंतला भगत हे नाव तुमच्या किती वाचकांना माहिती आहे? मुंबईच्या व्हीजेटीआय इंजिनियरिंग कॉलेजातून १९५३ ला सिव्हिलची डिग्री घेतलेली बाई, देशातल्या पहिल्या महिला सिव्हिल इंजिनियर म्हणून त्यांचं नाव घेतात. पुढे नवऱ्याबरोबर क्वाड्रिकॉन नावाची कंपनी काढली, सुटे स्टीलचे भाग डोंगरात नेऊन जागेवर जोडायचे असे पूल बनवले, १९७२ ला हिमाचलच्या स्पितीत पहिला. केरळात पी. के. त्रेसिया १९७१ ला पीडब्ल्यूडीच्या चीफ इंजिनियर झाल्या. मी कॉलेजात असताना ह्यातलं एक नाव मास्तरांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी सिमेंटचं रजिस्टर हातात घेताना मी निदान एकदा तरी विचारलं असतं, का म्हणून.

२०२५ च्या जूनमध्ये जम्मू-काश्मीरमधला चिनाबचा रेल्वे पूल सुरू झाला तेव्हा बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतल्या प्रा. माधवी लता यांची सगळीकडे बातमी आली, १७ वर्षं त्यांनी त्या डोंगराच्या दगडावर काम केलं. नदीपासून ३५९ मीटर उंच पूल, खाली भेगाळलेला खडक. आणि त्यांनी स्वतःच लिहिलं की श्रेय हजारो लोकांचं आहे, मला उगाच प्रसिद्ध करू नका. मला ते फार आवडलं. कारण एका बाईला आपण मखरात बसवलं की बाकीच्या १७ वर्षं तिथे कशा टिकतील हे कोणी विचारत नाही.

सरकारी खात्याचं थोडं वेगळं आहे हे कबूल करायला पाहिजे. आपल्याकडे नोकऱ्यांमध्ये बायकांना ३० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे जागा ठरलेली, बढती सीनियॉरिटीने, मुलगी ज्युनियर इंजिनियर म्हणून लागली की तिला गावातल्या रस्त्यावर उभं राहावंच लागतं, समोर कॉन्ट्रॅक्टर म्हणजे कोणाचा तरी मेव्हणा. माझी एक मैत्रीण आहे त्यात, डांबराचा थर खोदून मोजते नि कमी भरला तर परत करायला लावते, तिच्या बदल्या पण झाल्यात त्यासाठी. पण तिला कोणी ताई तू निघ म्हणत नाही. तिथे उभी राहायची सक्ती आहे म्हणून ती तयार झाली. खाजगीत सक्ती नाही, सगळं प्रेमाने चालतं.

आता जे लिहायला मला जड जातंय ते लिहिते. मागच्या वर्षी माझ्याकडच्या एका मुलीने राजीनामा दिला. लातूरकडची, डिग्रीला फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, उंची-पातळी मोजायची ऑटो लेव्हल अशी लावायची की बघत राहावं, ड्रॉइंगमधली चूक माझ्याआधी तिला दिसायची. आयटीत टेस्टिंगला चालली होती. मी तिला बसवून विचारलं, काय कमी पडलं, संडास आहे, बूट तुझ्या मापाचे मागवून दिले (हो, सेफ्टी शूज ६ नंबरच्या खाली व्हेंडरकडे नसतातच, मी सुरुवातीची कित्येक वर्षं दोन मोजे घालून काढली), मग कशाला जातेस? ती म्हणाली, मॅडम राग मानू नका, पण १३ स्लॅब झाले आणि मी एकही पूर्ण बघितला नाही, तुम्हीच मला दरवेळी साडेनऊला गाडी करून देता.

मी गप्प. कारण खरं होतं. मी. म्हणजे जी बाई बिलिंगमधून सुटायला ६ हजार कमी पगारावर गेली, तीच. मला वाटत होतं मी तिला सांभाळतेय, माझ्यासारखे हाल नकोत तिचे. आणि मी नेमकं तेच करत होते जे माझ्या साहेबांनी माझं केलं, फक्त जरा जास्त मायेने.

ती गेलीच, थांबली नाही, सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. पण त्यानंतर मी स्लॅबची पद्धत बदलली. आधी काय व्हायचं, जो इंजिनियर सकाळी ९ ला आला तोच रात्री ३ पर्यंत उभा, दुसऱ्या दिवशी परत ११ ला हजर, मुलं पण पेंगत असायची नि मर्दानगी म्हणून कोणी बोलायचं नाही. एक मुलगा पहाटे बाईकवरून घरी जाताना डुलकी लागून पडला, कॉलरबोन गेलं. आता स्लॅबला दोन टीम, दुसरी टीम संध्याकाळी ६ ला येते ती सकाळपर्यंत, दुसरा दिवस पूर्ण सुटी, जायला-यायला कंपनीची गाडी, मुलगा असो मुलगी असो. रात्रीच्या टीमला नाव लावायचं का ते ज्याचं त्याने ठरवायचं, मुलीच्या वतीने मी ठरवणार नाही. सांगायचं म्हणजे ह्याला सगळ्यात जास्त आनंद मुलांना झाला. आणि तक्रार कोणाची आली? एका मुलीच्या वडिलांची. फोन करून म्हणाले मॅडम तुम्ही स्वतः बाई असून. मी त्यांना म्हणलं काका, तुम्ही एकदा रात्री येऊन बघा, ते खरंच आले, नगरवरून, खुर्ची टाकून गेटजवळ बसले, १२ ला आमच्याबरोबर वडापाव खाल्ला नि दीडला खुर्चीतच झोपले. मुलगी वर सळयांवरून चालत होती.

अजून एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे जालन्याकडची एक बिगारी बाई आहे, चौथी शिकलेली. लेव्हल घेताना आकड्यांची उभी पट्टी धरायला माणूस कमी होता म्हणून तिला उभं केलं, दोन आठवड्यांनी ती पट्टी वाचायला लागली, इंजिनियरने आकडा लिहायच्या आधी ही खालून ओरडून सांगते. आता सर्व्हेच्या हेल्परचा दर लावलाय तिला, बिगारी बाईच्या रोजापेक्षा दीडशे रुपये जास्त, आणि पैसे तिच्या स्वतःच्या खात्यावर. नवरा महिनाभर रुसला होता, आता त्याच पैशांतून त्याच्या बाईकचा हप्ता जातो.

तुमच्या वाचकांपैकी बरेच जण घर बघायला जात असतील. सँपल फ्लॅट बघता, कार्पेट एरिया विचारता, महारेराचा नंबर तपासता, चांगलं आहे. जाता जाता सेल्सवाल्याला एवढं विचारा, साईटवर बायकांचा संडास कुठाय, आणि माझा स्लॅब ज्या रात्री टाकला त्या रात्रीच्या पोअर कार्डवर सही कोणाची आहे. पहिल्या प्रश्नाला तो गडबडेल, दुसऱ्याला फोन लावेल. पण दहा कस्टमरनी विचारलं ना की अकराव्याच्या आत टॉयलेट लागतं, हे मी आमच्या धंद्याला ओळखून सांगते.

आणि तुमच्यासाठी एक निमंत्रण. पुढच्या शनिवारी आमच्या बी टॉवरचा १७वा स्लॅब आहे, काँक्रीट दुपारी ३ ला चालू होईल, पंप धड राहिला तर २ पर्यंत संपेल, नाही राहिला तर उजाडेल. रात्रीच्या टीमला एका मुलीने स्वतःहून नाव लावलंय. तुमच्या फोटोग्राफरला पाठवायचं असेल तर मध्यरात्रीनंतर पाठवा. हेल्मेट नि बूट आम्ही देऊ, पट्टा मात्र बांधावा लागेल. पत्ता तुम्ही होकार कळवलात की देते, आणि पत्राखाली माझं नाव छापू नका, शनिवारनंतर सोमवारी पण कामावर जायचंय.

आपली,
एक साईटवाली वाचक, पुणे